केसांची पहिली बट

बान नोंगखाम, १२ जून

चि. बेडक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. राजधानीत तू पंतप्रधान असशील. आईनं ठेवलेलं नाव माझ्या तोंडून जायचं नाही.

आईला आता उजेड-अंधारच कळतो. माणूस ती चेहऱ्यावर हात फिरवून ओळखते. काल विचारत होती, की भिक्खू झालेल्या लेकाच्या भगव्या चीवराची कड धरून आया स्वर्गात जातात, मी काय रिकाम्या हातानं जाऊ? मास्तर होतास तेव्हा परीक्षा आडव्या आल्या, खासदार झालास तेव्हा पूर, आणि आता आठ वर्षं अख्खा देशच आडवा आलाय. यंदा वर्षावासाचे तीन महिने तरी भिक्खू हो. मांडव झावळ्यांचाच घालीन, उधळपट्टी नाही.
तुझी,
बुआताई

राजधानी, २० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मंत्रिमंडळाच्या बैठकीत फायलीखाली धरून वाचलं, शाळेत चिंचा खायचो तसं.

पक्षाचे लोक म्हणाले, राजधानीतल्या मोठ्या विहारात दीक्षा घ्या, कॅमेरे लावू, पुढची निवडणूक तिथंच जिंकली. आईला विमानानं आणतो म्हणाले. मी म्हटलं, ती चप्पल काढूनच विमानात चढेल. शेवटी काल राजीनामा दिला. सगळे फोनला लागले. मला मात्र सडकून भूक लागली.

पहिली बट आईनंच कापायची. केस उरलेत थोडे, शोधायला वेळ लागेल, लागू दे. भिक्खू झाल्यावर तिला मला शिवता यायचं नाही, म्हणून आदल्या दिवशीच येतो. चिकट भात आणि आंबवलेल्या माशांची चटणी करून ठेव. राग गिळ, लोभ तेवढा ठेव.
तुझा,
बेडक्या

बान नोंगखाम, १५ जुलै

पूज्य भंतेंच्या चरणी
तीनदा वंदन. सवयीनं आधी ‘चि.’ लिहिलं होतं. खोडलंय, दिसल्यास क्षमा असावी. विहार हाकेवर आहे, पण बाईमाणसानं भिक्खूशी एकटीनं बोलत बसायचं नाही, म्हणून ही चिठ्ठी जेवणाच्या टोपलीतून.

आज सकाळी आपण भिक्षेला दारी उभे राहिलात आणि आईचा हात थेट चेहऱ्याकडे निघाला. मी तो धरायला पुढे झाले. पण अर्ध्यावर तिनंच तो आवरला, भिक्षापात्राची कड चाचपली आणि भाताचा गोळा आत ठेवला. मागाहून मला म्हणाली, घाबरतेस काय, चेहरा मी पोटभर पाहून घेतलाय. बट तर पहिल्याच झटक्यात सापडली होती. अर्धा तास काय मी केस शोधत होते?

आजवर पत्रात आशीर्वाद मी देत आले. या खेपेला मागते.

आपली, तीन महिन्यांपुरती धाकटी,
बुआ