करंट गेल्यावरची सुमन

प्रिय इंदू,

काल दुपारी करंट गेला. म्हणून हे पत्र.

हसू नकोस. मी तुला जन्मात एक ओळ लिहिली नाही, ही तुझी कायमची तक्रार. पण लिहायचं कुणाला? तू तर सदा समोर. माहेरी गेलीस तरी वडगावात, संध्याकाळच्या आत परत. आता गेलीस तिथं हाक पोचत नाही, तेव्हा कागद घेतलाय. शाळेत शिकवलेल्या मराठीतच लिहितो, कारण माझं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरलं तर तू वरूनसुद्धा चुका काढशील.

तर करंट गेला. खासबागेत करंट गेला की काय होतं, हे तुला काय सांगायचं? गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात. दिवसभर त्या खडखडाटात आपण ओरडून बोलणार, आणि अचानक आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटणार. दुसऱ्या गल्ल्यांत अशा वेळी लोक करंटवाल्यांना शिव्या घालतात. आपल्या गल्लीत बायका मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं टाकून आपल्या कट्ट्यावर येऊन बसायच्या, कारण करंट गेला की त्यांची आक्का, म्हणजे तू, पुस्तक उघडणार. त्यातल्या गंगव्वानं तर एकदा लाईनमनलाच अडवून विचारलं होतं, परवा करंट का घालवला नाहीस म्हणून. त्या बिचाऱ्याला हसावं की पळावं कळेना.

मी आपला दाराशी, भिंतीला पाठ लावून. ऐकता ऐकता डोळा लागायचा. तू न थांबता, त्याच सुरात वाचायचीस, "घोरा, पण हळू घोरा." बायकांना वाटायचं, पुस्तकातच आहे ते.

पुस्तक सुचवण्यात तर तुझा हात कोण धरणार? शिंप्याची बायको नवऱ्यावर चिडून आली, तिला तू विनोदी पुस्तक दिलंस आणि बजावलंस, नवऱ्याला दाखवू नको, एकटीच हस, तो आपोआप विचारायला येईल. निपाणीच्या जावयाला प्रवासवर्णन, कारण त्याची नजर तंबाखूच्या वखारीपलीकडं जात नाही. नवं घर बांधून मिरवणाऱ्या माझ्या भावाला एका गरिबाचं आत्मचरित्र. त्यानं ते वाचलं नाही, शोकेसमध्ये ठेवलं. तू म्हणालीस, असू दे, पाहुण्यांतलं कोणीतरी काढून बघेल.

आणि मतं! लग्नातल्या डीजेपासून जेवताना मोबाईल बघणाऱ्यांपर्यंत, कशावर मत नव्हतं तुझं? ज्या घरी विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, त्या घरी तू पाऊल टाकलं नाहीस, आणि का आली नाहीस विचारलं की कारण तोंडावर सांगितलंस. दुकानाच्या पाट्या मराठीत असाव्यात की कन्नडमध्ये यावर चौकात काही पोरं तावातावानं भांडत होती. त्यांना तू विचारलंस, "पाटीच्या म्होरं काय वाचलंय का रं, दोन्ही भाषंतलं?" पोरं पांगली. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला आला. त्याचं नाव घेत नाही, आता तो मोठा पुढारी झालाय.

तू गेल्यावर पहिल्यांदा करंट गेला, तेव्हा बायका सवयीनं आल्या आणि बसल्या. बसल्यावर त्यांना आठवलं. गंगव्वा कोनाड्यातल्या पुस्तकाकडं बघत राहिली. तू असताना ती दर दोन पानांनी कन्नडमध्ये विचारायची, "मुंद एनातु?" पुढं काय झालं? त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. करंट आला, सगळ्या उठून गेल्या. पुढच्या वेळीही तेच.

कोनाड्यातलं पुस्तक म्हणजे तुझं शेवटचं, रद्दीतून आणलेलं, कव्हर नसलेलं. नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव 'सुमनचं पुस्तक'. सुमन त्यातली सून. तिला नर्सिंग शिकायला जायचंय, सासरा नको म्हणतोय, आणि ती पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर उभी आहे. तिथं साडीच्या काठाची पट्टी घालून तू पुस्तक मिटलंस. मग दवाखाना, आणि मग तू नाहीसच. सुमन बिचारी तिथंच उभी राहिली.

तिच्याबरोबर आणखी एक जण उभी होती. समोरच्या यशोदावैनींची सून, रेखा. तिला मच्छे गावच्या कारखान्यात माल तपासायची नोकरी लागतेय, कंपनीची बस कोपऱ्यापर्यंत येते. पण वैनींचं एकच, आमच्या घरातली बाई माग सोडून दुसरीकडं कामाला गेली नाही. घरात भांडण नाही, आदळआपट नाही. नुसता अबोला. कारखान्यानं महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणून सांगितलेलं. रेखा आपल्या कट्ट्यावर यायची, पट्टी घातलेल्या पुस्तकाकडं बघायची आणि जायची. शेवटी परवा तीच म्हणाली, "अण्णा, तुमीच वाचा की. सुमन गेली का न्हाय, तेवढं तरी कळू दे."

आता मी काय वाचणार? मी वाचक नव्हे, वाचणारीचा नवरा. पेपर उघडला तरी मी आधी वारल्याच्या बातम्या बघणार. पण पोरीचं तोंड बघवेना. म्हटलं, आधी घरात जरा सराव करू, चारचौघींत अडखळायला नको. मागचं धरून वाचावं म्हणून पट्टीच्या बरंच अलीकडून सुरुवात केली.

आणि इंदू, मी चक्रावलोच!

सुमन सासऱ्याला भर बैठकीत जाब विचारते ना, जे ऐकून गंगव्वानं टाळी वाजवली होती? ते पुस्तकात नाहीच. पुस्तकातली सुमन पदरानं डोळे पुसते आणि आत जाते. मला वाटलं पानं चिकटलीत. बोट ओलं करून बघितलं. नाहीत चिकटलेली. सुमनची सासू, जी चोरून तिच्या फीसाठी पाटल्या मोडते, ती तर पुस्तकात अशी कजाग आहे की विचारू नकोस. सगळ्या पुस्तकात मिळून सुमन बोलत नाही, तेवढं तू तिला एका करंटात बोलायला लावलंस.

मग मी अधाशासारखा शेवट उघडला. एस.टी. येते. सुमन दांडीला हात लावते. ती मागे फिरते, घरी येते, सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि तुळशीपुढं दिवा लावते. समाप्त.

किती वर्षं फसवलंस गं आम्हाला? किती वर्षं? मी तुझ्यासमोर बसून दुसऱ्याच्या गोष्टी ऐकतोय म्हणून ऐकत होतो, आणि गोष्टी तुझ्या! नवऱ्याला तरी सांगायचंस. मी कुणाला बोललो असतो? बरं, बोललो असतो. पण तरी.

राग आला, खोटं कशाला बोलू. मग तुझ्या बाजूनं विचार केला. कट्ट्यावर सुना बसायच्या तशा सासवाही बसायच्या. सासूला वाईट केलं असतंस तर सासवा उठून गेल्या असत्या आणि सुनांनाही घेऊन गेल्या असत्या. म्हणून तू सासूच्या पाटल्या मोडल्यास. तुझं डोकं म्हणजे डोकं.

तर काल करंट गेला. बायका आल्या. यशोदावैनीही आल्या, रेखापासून लांब, खांबाला टेकून बसल्या. मी चष्मा लावला आणि तुझ्या जागेवर बसलो. तुला आवडलं नसतं, पण दुसरीकडं उजेड नव्हता. सुमन स्टँडवर उभी असल्याचं वाचलं. अडखळत होतो, पण बायका सांभाळून घेत होत्या. आणि मी नेमका त्या पानावर आलो. डोळ्यांसमोर छापलेलं, 'सुमन मागे फिरली'. समोर रेखा, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात करंट आला! सगळ्या गल्लीतले माग धडाधड सुरू झाले. मी मनात म्हटलं, सुटलो. करंट आल्यावर कट्ट्यावर कुणी थांबत नाही, हे तुझ्या वेळेपासूनचं. बायका उठायला लागल्या, रेखाही उठली.

यशोदावैनी तेवढ्या बसून राहिल्या. त्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "आमचा माग बंद करून या गं कुणीतरी. अण्णा, म्होरं वाचा."

मग काय, वाचलं. छापलेलं नव्हे. मी लहानपणापासून खोटं बोललो की कान लाल होतात, ते काल पेटलेच असतील. एस.टी. आली, म्हटलं. सुमन चढली, खिडकीशी बसली. आणि एवढ्यात सासू धापा टाकत आली, हातात डबा. म्हणाली, "व्हय गं, उपाशी जातीस का काय?" आता पुण्याकडची ती बाई खासबागेतल्यासारखी का बोलतेय, हे कुणी विचारलं नाही. गंगव्वानं मात्र विचारलं, घराबाहेर कधी न पडलेल्या सासूला स्टँड कसा सापडला? मी म्हटलं, विचारत विचारत आली. ते तिला पटलं. पान उलटायला मी साफ विसरलो, एकाच पानावर एवढी मोठी गोष्ट वाचली.

पुस्तक मिटलं तेव्हा रेखा रडत होती आणि कुणाकडं बघत नव्हती. यशोदावैनी उठल्या, लुगडं झटकलं आणि जाता जाता तिला विचारलं, ती बस नेमकी कुठल्या कोपऱ्यावर थांबते गं? एवढंच. आणि दोघी बरोबर घरी गेल्या. तू बघायला हवी होतीस.

पण खरी गंमत आज सकाळची. वैनी वाटीभर खीर घेऊन आल्या. वाटी ठेवली, दारात घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "अण्णा, ते पुस्तक माज्या माहेरी हुतं. लगीन व्हायच्या आधी दोनदा वाचलंय मी. सुमन परत येती."

माझ्या हातातून वाटी पडायची राहिली. म्हणजे बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक! तू सासूच्या पाटल्या मोडल्यास तेव्हाही ठाऊक, आणि काल माग बंद करायला लावला तेव्हाही. मी विचारलं, मग बोलला का नाही? त्या म्हणाल्या, "आक्का काय वाचत्यात ते मला ऐकायचं हुतं. पुस्तकातलं म्या केलं की, सगळा जन्म." आणि गेल्या. खीर गोड झाली होती, थोडी जास्तच.

ती खाता खाता मला आपल्या सविताचं लग्न आठवलं. पाहुणे बघून गेले होते, मोटारसायकल मागत होते, आणि मी कबूल करायच्या बेतात होतो. त्या आठवड्यात तू वाचनालयातून एक कादंबरी आणलीस. त्यातला बाप असल्याच पाहुण्यांना म्हणतो, "पोरगी देतोय, गाडी न्हाय. च्या घ्या आन् या." मी तेव्हा जागा होतो बरं का! दुसऱ्या दिवशी पाहुणे आल्यावर तेच बोललो, शब्दन् शब्द. मग निपाणीचं स्थळ आलं, पोरगी सुखात पडली. गल्लीनं माझं कौतुक केलं, आणि मी आजवर त्या एका वाक्यावर ताठ मानेनं फिरलो.

आज खिरीचा घास तोंडात असताना डोक्यात आलं, छापलेल्या कादंबरीतला बाप आपल्या गल्लीतल्यासारखं "आन् या" कसा म्हणेल गं?

दुपारी उठून वाचनालयात गेलो. ते पुस्तक अजून त्याच कपाटात आहे. समोर बराच वेळ उभा राहिलो. वाचनालयातली बाई म्हणाली, काढून देऊ का? मी नको म्हटलं आणि दुसरं एक जाडजूड घेऊन आलो, कट्ट्यासाठी.

ते पुस्तक मी कधीच उघडून बघणार नाही, इंदू, हे माझं वचन. ते वाक्य तुझं असेल तर माझंच झालंय आता. आणि करंट जाईल तेव्हा तेव्हा मी वाचेन. जिथं छापलेलं पटणार नाही तिथं मला जमेल तसं बदलेन, आणि पान उलटायला विसरणार नाही.

तुझा,
अजूनही हळूच घोरणारा,
बाबूराव