नावं सरकू लागली तेव्हा

सोब्राल, ४ मार्च

चि. निल्दला आजीचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र कुस्तोदियाने दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला स्वतःला ऐकायचं होतं, दुसऱ्यांदा मला. फोन कानाला लावला की मला नुसता वारा ऐकू येतो, तेव्हा पत्रच बरं. मी सांगते, शेजारधर्म म्हणून ती लिहिते. बाईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे माझं बोलणंही ती मापात कापते. (मी काहीही कापत नाही. – कुस्तोदिया)

तर तुला आता गेम खेळायचा पगार मिळतो! एप्रिलअखेर कायम करायचं की नारळ द्यायचा, ते संपादक ठरवणार म्हणतेस. इकडे मी मात्र गावभर सांगून मोकळी झाले की माझी नात लिस्बनच्या मासिकात मतं लिहिते. कॅफेवाल्या अमारोने विचारलं, कशावर? मी सांगितलं, एका बाईचं यान भलत्याच ग्रहावर पडतं, ती बंदूक घेऊन बाहेर पडते, राक्षस तिला मारतात, की ती पुन्हा त्याच यानात जागी होते, हात रिकामे आणि बाहेरच्या सगळ्या वाटा बदललेल्या. अमारो म्हणाला, यात नवीन काय, माझा संसार असाच चाललाय.

खरं सांग, पैसे मोजून मरायला लोक तयार होतात? तू म्हणे एकशे बारा वेळा मेलीस. तुझे आजोबा एकदाच मेले, तेही कुरकुरत. आणि जेवतेस की नाही? शिळ्या पावावर लसूण-कोथिंबीर वाटून घालायची, उकळतं पाणी ओतायचं, वर अंडं सोडायचं. एवढ्याला काही यान लागत नाही.

मी सहाव्या वर्षी डुकरं राखायला गेले, अक्षरांशी गाठ पडायची राहूनच गेली. पण तुझं छापून येईल ते पाठव. कुस्तोदिया वाचेल, मी ऐटीत ऐकेन.

लोभ आहेच. उसवला तर सांग, शिवणारी शेजारीच आहे.

तुझी आजी
देओलिंदा
(ही तिची फुली: ✕)


लिस्बन, २७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आठ दिवस मी खोलीत नुसत्या येरझारा घालते आहे. खालच्या मजल्यावरची बाई काल वर येऊन विचारून गेली, की मुली, तू बूट काढून काळजी करू शकशील का?

‘काळा तट’वरचं, म्हणजे त्या यानवाल्या बाईच्या गेमवरचं, माझं परीक्षण मासिकाच्या वेबसाइटवर आलं. मी लिहिलं, बंदूक हातात जिवंत वाटते, मागून पावसाचा आवाज आला की मान आपोआप वळते. पण बाकी सगळी नशिबाची भानगड. चांगलं हत्यार सापडलं तर जगाल, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. यात कौशल्य कुठलं? आणि शेवट पोकळ. बाई घरी पोहोचते, गेम करणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकू लागतात, खलास. दहापैकी पाच गुण.

दुसऱ्याच दिवशी वाचक तुटून पडले. गेम संपलाच नव्हता. नावं सरकून गेल्यावर पुन्हा सुरू केला, की ती बाई परत त्याच यानात डोळे उघडते, आणि खरी गोष्ट तिथून पुढे. मला सकाळी लेख द्यायचा होता, म्हणून नावं दिसताच मी यंत्र बंद केलं होतं. अर्धं ताट टाकून उठले आणि स्वयंपाक बेचव म्हणून सांगत सुटले.

मग उरलेला अर्धा खेळले. आजी, त्यात नशीब नव्हतंच. ज्या खोलीतून मी घाबरून पळत होते, तीच खोली तो ग्रह पुढच्या खेपेला आधी समोर आणत होता. वाटा माझ्याच भीतीवर बदलत होत्या. इतका हुशार गेम मी आजवर खेळलेले नाही. एव्होरा शहरातल्या चौघांनी पाच वर्षं खपून तो केला, आणि मी पाच गुण देऊन मोकळी झाले.

संपादक म्हणतात, गाजावाजा नको. वेबसाइटवरचा मजकूर गुपचूप बदलू, पाचाचे आठ करू, आठ एप्रिलला छापायला जाणाऱ्या अंकात तोच घालू. कुणी विचारलं तर पहिल्यापासून असाच होता. आणि चूक कबूल करायची हौसच असेल, तर एप्रिलअखेर तुझ्या नावापुढे मी काय लिहू, असं त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

मी काय करू? जेवतेसुद्धा येरझारा घालतच. आठ तारखेच्या आत कळव. आजवर तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही असं पुष्कळदा झालं, पण या वेळी ऐकेन.

तुझा लोभ आहे तोवर माझं बरं चालेल.

तुझी
निल्द


सोब्राल, १ एप्रिल

चि. निल्द हिला आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. पुष्कळ विचार केला. शेवट पाहिला नव्हता, हे तू स्वतःच्या नावानिशी लिहून टाक. छापलेलं गुपचूप बदललं, तर ज्याने ते आधी वाचलं त्याला आपण वेडा ठरवतो. मला अक्षर येत नाही. समोरचा जे वाचून दाखवील तेच कागदावर आहे, असं धरून चालण्यावाचून मला गत्यंतर नसतं. तुझे वाचकही तुझ्यावर तसेच विसंबलेले आहेत. नोकरी गेली तर दुसरी मिळेल.

तब्येतीस जपावे. लोभ असावा ही विनंती.

देओलिंदा
✕


लिस्बन, १९ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. तुझ्या पत्रात एकही टोमणा नव्हता, तेव्हाच ओळखलं की तू मनापासून बोलते आहेस.

मी संपादकांना सांगितलं, छापायचं असेल तर कबुलीसकट छापा, नाही तर माझं नाव काढून टाका. ते चिडले, पण छापलं. अंक सोबत पाठवते आहे. नवे गुण आठच दिले. दोन कापले, कारण खेळ मध्येच थांबवून जिथल्या तिथे ठेवून देण्याची सोय नाही. पोटापाण्याच्या मागे असलेल्या माणसाने सलग तीन तास आणायचे कुठून? एव्होराच्या त्या चौघांचं पत्र आलं, एकाच ओळीचं: कबुलीबद्दल आभार, आठबद्दल भांडण.

लेखाच्या डोक्यावर तुझं वाक्य घातलंय, ‘छापलेलं गुपचूप बदललं, तर ज्याने ते आधी वाचलं त्याला आपण वेडा ठरवतो’, आणि खाली तुझं पूर्ण नाव. माझ्या आजीची अक्कल लोकांना कळू दे.

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. एप्रिलअखेरपर्यंतही न थांबता परवाच सांगितलं. मला अधूनमधून एखादा लेख देतील. खोली सोडावी लागेल बहुतेक. पण आजी, आता मी बसून जेवते. हे फक्त तुझ्यामुळे.

लोभात काही कमी-जास्त न व्हावं.

तुझी
निल्द


सोब्राल, २८ एप्रिल

चि. निल्दला आजीचे आशीर्वाद, टोमण्यांसकट.

हे पत्र टपालवाली ओदेत लिहिते आहे. कुस्तोदिया समोर स्टुलावर बसली आहे, तोंड मिटून. सत्तर वर्षांत असं पहिल्यांदाच बघते आहे.

तुझा लेख ती वाचायला बसली. माझ्या नावाच्या त्या वाक्यापाशी आली आणि अडखळली. तिला ते गाळता आलं असतं, मला काय कळणार होतं? पण तिने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, देओलिंदा, हे तुझं नाही, माझं आहे.

मी काय सांगितलं होतं ते आता ऐक. मी म्हटलं होतं, गप्प बस. पाचाचे आठ होताहेत, त्यात त्या चौघांचंही भलं आणि तुझंही. मालकाने दार किलकिलं ठेवलंय, त्याला लाथ मारू नकोस. आम्ही जमीनदारापुढे जन्मभर मान खाली घालून भाकरी खाल्ली, त्याने मान काही मोडली नाही. हे मी बोलले. कुस्तोदियाने कागदावर उलटं लिहिलं, आणि मी परत वाच म्हटलं तेव्हा माझंच बोलणं पाठ म्हणून दाखवलं. कागदावर माझे टोमणे घालायचं मात्र विसरली. शिवणकामात अशी चूक केली असती तर गिऱ्हाइकाने कापड तोंडावर फेकलं असतं.

तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, माझ्या नातीच्या पोटावर पाय द्यायला तुला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, तुझं ते बोलणं लिहायची मला लाज वाटली. मग रडायलाच लागली. गुपचूप बदलू नये, हे तिने गुपचूप बदलूनच लिहिलं होतं ना! मला हसू आलं. येऊ नये तेव्हा येतं, तसं.

तेव्हा पोरी, तू माझे मानलेले आभार मी परत पाठवते आहे. ते माझ्या मापाचे नाहीत. मी भ्याले होते. कुस्तोदिया भ्याली नाही, पण तिने मला विचारलं नाही. आम्हा दोघींना दहापैकी किती ते तू ठरव, तुझं कामच आहे.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आण: ते वाक्य सोब्रालच्या शिंपीणबाई कुस्तोदिया यांचं, देओलिंदा यांनी गप्प बसायला सांगितलं होतं. गावात माझं हसं होईल म्हणशील. अमारोला मी आधीच सांगून आले, तो कॅफे बंद होईपर्यंत हसत होता.

आज पुन्हा विचारलंस तर मी काय सांगेन? रोज कोंबड्यांना दाणे टाकताना हेच घोळतं. तुझी खोली डोळ्यांपुढे आली की वाटतं, गप्प बस असंच सांगेन. तू बसून जेवतेस हे आठवलं की जीभ अडते. अजून माझं एकमत झालेलं नाही.

तू रागावली असशील, तर कुणावर ते स्पष्ट लिही, तिच्यावर की माझ्यावर. दोघी एकत्र बसून ऐकू, आणि वाचेल ओदेत.

शेवटी लोभ वाढवावा असं सांगायची रीत आहे. तू वाढवून लिहू नकोस. आहे तेवढाच लिही.

तुझी आजी
देओलिंदा
✕