तोमिरोची हाक

गुडगाव
३ सप्टेंबर २००४

प्रिय बाई,

अर्धं कराड तुम्हाला बाईच म्हणतं, तेव्हा मीही म्हटलं तर कुणाला खटकणार नाही. दुसरी हाक मारायची मला बंदी आहे. तुम्ही खटपट करून मिळवून दिलेली शाळेतली कायमची नोकरी सोडून, राघवशी रजिस्टर लग्न करून मी दिल्लीला निघाले, तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात की यापुढे मला आई म्हणून हाक मारायची नाही. मीही तुमचीच मुलगी. बरं, म्हटलं आणि बॅग उचलली. इतकी वर्षं ती बंदी मी इमानेइतबारे पाळतेय, निदान माझी तशी समजूत होती. प्रत्यक्षात मी ती मोडली, आणि एकदाच नाही, रोज संध्याकाळी सहा वाजता साऱ्या हिंदुस्थानासमोर मोडते आहे. ते कसं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. माफी मागायला नाही, हे आधीच सांगून ठेवते. दिल्लीला आले ते बरोबरच केलं.

राघव मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सकाळी कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून उचलते. आम्ही राहतो ती इमारत नवीकोरी, लिफ्ट आहे, पोरांना घसरगुंडी आहे, आणि वीज गेली की जनरेटरचा असा काही गडगडाट होतो की घरातल्या घरात खुणांनी बोलावं लागतं. मी आवाजाचं काम करते. आधी रेडिओवर साबणाच्या जाहिराती केल्या, आता नोएडाच्या एका स्टुडिओत परदेशी कार्टूनांना हिंदी आवाज देते. झालं, लागल्या तुमच्या कपाळाला आठ्या. एम.ए. होऊन कार्टूनमध्ये बोलतेस? हो, बोलते. आणि तेही तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाजात. मुलांचे आवाज बायकाच देतात, पुरुषांना ते जमत नाहीत. आत जाताना बांगड्या काढून ठेवाव्या लागतात, कारण माइकला किणकिण ऐकू जाते. सळसळणारं कापडही चालत नाही. म्हणून सरोजिनी नगरच्या बाजारातून मऊसूत, धुऊन विटलेले सुती कुडते शोधून आणते. तुमची मुलगी मोकळ्या हातांनी आणि विटक्या कपड्यांत कामाला जाते, हे तेवढं पोटात घाला.

कार्टून जपानी आहे, मारामारीचं. ॲनिमे म्हणतात त्याला. डोंगरातल्या खेड्यातला तोमिरो नावाचा पोरगा एकेका योद्ध्याशी लढत राजधानीकडे निघालाय, एवढीच गोष्ट. वाटेत सारखा आडवा येतो तो काळ्या चिलखतातला कुरोगान. सुरुवातीला मला वाटलं, यात काय ठेवलंय? नुसती ढिशुम ढिशुम आणि उड्या! पण आवाज द्यायचा तर तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा बघावा लागतो, आणि तसा बघितल्यावर लक्षात आलं की कोण कसा मारतो यापेक्षा कोण कसा मार खातो, त्यातच सगळी गंमत आहे. कुरोगान मार खाल्ला की हसतो. तोमिरोची म्हातारी गुरू आपटली की आधी आपला जोडा कुठे उडाला ते शोधते. तोमिरो मात्र आधी रडकुंडीला येतो, मग चिडतो, मग उठतो. तेवढ्या वेळात तोंडी एक वाक्य नाही, फक्त आवाज काढायचे. बाई, तुम्हाला हे आवडलं असतं. कुरोगानचं काम करणारे गृहस्थ पहिल्या दिवशी मवाल्यासारखे गुरगुरायला लागले, तेव्हा मला तुमचा चौथीचा इतिहासाचा तास आठवला. तुम्ही शत्रूचा सरदार असा भारदस्त वाचायचात की मागच्या बाकावरची पोरं टरकायची. एकदा आमच्या वर्गातल्या सूर्यकांतने वेडावून दाखवल्यासारखा वाचला, तर तुम्ही त्याला थांबवून म्हणालात, शत्रूला हलका आवाज दिलास, तर त्याला हरवणाऱ्याचं काय कौतुक राहिलं? मी तेच जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. आता पोरं कुरोगानवरही लट्टू आहेत. श्रेय तुमचं, पण नाव कुठे येत नाही. माझंही येत नाही म्हणा.

आता मुद्द्यावर येते. मार खाण्याचे आवाज वेगळे घेतात, सलग. आमचे दिग्दर्शक सूदजी काचेपलीकडून सांगत जातात, पेट में घूँसा, अब जबड़ा, अब दीवार से टकराया, आणि मी इकडे पोटाला हात लावून कण्हते, विव्हळते, धापा टाकते. त्या दिवशी कुरोगानने तोमिरोला उचलून दरीत भिरकावला. मूळ जपानीत पोरगा तिथे नुसता आ करून ओरडला होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, आई गं! चांगलं बेंबीच्या देठापासून. मला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं हो! काचेपलीकडे सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, पुन्हा घेऊ या. पण टेप त्याच संध्याकाळी चॅनेलकडे जायची होती, पुढचे कलाकार बाहेर ताटकळले होते. सूदजी म्हणाले, जाने दो यार, बिल्कुल जापानी लग रहा है. घ्या! झालात तुम्ही जपानी. मीही हसले सगळ्यांबरोबर, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्याच आवाजात कानावर पडला होता.

पुढचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो भाग लागला आणि आठवड्याभरात आमच्या सोसायटीच्या बागेत पंजाबी, बंगाली, तमिळ, हरियाणवी, झाडून सगळी पोरं 'आईगं!' करून गवतात कोसळायला लागली. समोरच्या इमारतीतला ऋग्वेद त्यांचा म्होरक्या. त्याचं म्हणणं असं, की हा जपानी मंत्र आहे आणि तो म्हटला की तोमिरोच्या अंगातली शक्ती जागी होते. पुरावा काय, तर तो म्हटल्यावर तोमिरो दरीतून वर आला की नाही? चॅनेलकडे पत्रं गेली, की पुढच्या लढाईत आईगं का नव्हतं? तेव्हापासून सूदजी माझ्या कागदावर लाल पेनाने खूण करतात, यहाँ आईगं. मी खिडकीत चहा घेत पोरांचा खेळ बघते. कुरोगानचं पोस्टर प्रत्येकाच्या खोलीत आहे, त्याच्याकडे वीज आहे, आग आहे, काय नाही? पण खेळताना कुरोगान व्हायला कुणी तयार होत नाही आणि तोमिरो होण्यासाठी गचांड्या धरतात. मला वाटतं, ज्याला लागतच नाही त्याचं कौतुक होतं, पण जीव जडतो तो ज्याला लागतं त्याच्यावर. या इमारतींतली मोठी माणसं कधी कुणासमोर दुखतंय म्हणत नाहीत. सकाळी गाडीत बसून जातात, रात्री गाडीतून उतरतात, लिफ्टमध्ये भेटली की सब बढ़िया म्हणतात. मीही म्हणते. पोरांना टीव्हीत एक जण सापडला, जो आधी ओरडतो आणि मग उठतो.

आमच्या वरच्या मजल्यावर क्षिप्रा राहते. पुण्याच्या माणसांची मुलगी, पण जन्म इकडचा. ती स्वतः मम्मा म्हणते, तरी भाजी चिरताना बोट कापलं की तिची मम्मा काय ओरडते ते तिला पक्कं माहीत. तिने भर बागेत जाहीर केलं, की हा मंत्रबिंत्र काही नाही, तो त्याच्या मम्मीला बुलावतोय. पोरांनी तिला वेड्यात काढलं. तशी रडत माझ्याकडे आली, कारण तोमिरो मीच आहे हे त्या सगळ्यांत तिला एकटीला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुझंच खरं आहे. तर डोळे पुसून म्हणते कशी, मावशी, मग तो इतक्यांदा बुलावतो तर त्याची आई येत का नाही? मी म्हटलं, घर लांब आहे गं तिचं. त्यावर थोडा विचार करून तिने विचारलं, की कट्टी आहे त्यांची? मी तिला लाडू दिला आणि वर पाठवलं.

आई, आता ते बाई आणि तुम्हीबिम्ही मला जमत नाही. वर लिहिलंय ते राहू दे तसंच. तुला आठवतं का, मी परसात खेळताना आपटले की भोकाड पसरायची आणि तू स्वयंपाकघरातून आधी ओ द्यायचीस. हातातली पोळी टाकून धावत यायची नाहीस, तव्यावरची शेकून झाल्यावर यायचीस, पण ओ लगेच द्यायचीस. ती ऐकली की मी आपली आपण उठून बसायची. गुडघ्यावर हळद नंतर लागायची. त्यामुळे ऋग्वेदचं म्हणणं काही अगदीच खुळचट नाही. फक्त त्याला वाटतं, हाक मारली की शक्ती येते. मला विचारशील तर ती ओ आल्यावर येते. तोमिरोला कुणी ओ दिलेली नाही अजून, तरी बिचारा उठतो, कारण जपानात तसं लिहून ठेवलंय.

माझं रेकॉर्डिंग सध्या बंद आहे. टीव्हीवर दिसतात ते आधी भरून ठेवलेले भाग. बंद का, तर मला सातवा सरत आलाय, आणि ते कण्हणं-विव्हळणं आता करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. रक्तदाब वाढलाय, प्रवासालाही मनाई आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण मला माहेरी येता येत नाही, तेव्हा माहेरानेच इकडे यायला हवं. दिवाळीच्या आगेमागे. राघव स्टेशनवर येईल. तो तुला घाबरतो, त्याला पहिल्या दिवशी तरी काही बोलू नकोस. मला हवं तेवढं बोल, मी उलट बोलेन, ते आपलं चालू राहील. आई, मला भीती वाटतेय. हे इथे मी कुणाला सांगितलेलं नाही, राघवलाही नाही. माइकपुढे खोटा खोटा मार खाऊन मी तुला कितीदा हाक मारली. या वेळी खरं दुखणार आहे, आणि तेव्हा माझ्या तोंडून काय निघणार ते तुलाही ठाऊक आहे. बंदी उठवली नसशील तर नको उठवूस. आतही येऊ नकोस. बाहेर बाकावर बसून राहा आणि ऐकू आलं की तिथूनच ओ दे.

तुझीच,
मयुरा