ढोकीच्या फोटोतले पाय

बर्गन, नॉर्वे

प्रिय आई,

मामाच्या आरोहीच्या लग्नाचे फोटो आपल्या बजरंगनं पाठवले आणि मी चक्रावलेच. ढोकीतली वरात, मे महिन्यातला डांबरी रस्ता, सगळ्यांच्या पायांत नव्या चपला, आणि मधोमध तू, माझी एवढी टापटिपीची आई, पैठणी नेसून अनवाणी! पायाच्या बोटाला पट्टी. आधी हसले, म्हटलं मांडवातून कुणीतरी चपला लांबवल्या. बजरंगला फोन केला, तर म्हणतो, "तायडे, तुला ठावं न्हाय व्हय? तू जहाजावर चढलीस त्याच दिशी आईनं भवानीला नवस केलाय. तू उतरून जमिनीवरचं काम धरंपतुर पायात चप्पल न्हाय."

दोन वर्षं, आई! आपल्या जळकोटच्या काट्याकुट्यांतून, तापलेल्या मातीतून? मग भयंकर चिडले. व्हिडिओ कॉलवर मला नुसतं तोंड दाखवत होतीस, लबाड!

पण खरी लबाड मी आहे. अख्खी भावकी नको म्हणत होती, तेव्हा समुद्र कधी न पाहिलेली तू एकटी म्हणालीस, "जाऊ द्या की, लई हुशार हाय पोरगी." आणि पहिल्याच सफरीत उलट्यांनी मला असं आडवं केलं, की नवव्या दिवशी सलाईन लावून बंदरावर उतरवलं. पुन्हा जहाजावर पाठवणार नाही, असं आमच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं सांगितलं. तेव्हापासून मी किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत बसते. माशांच्या कानातल्या खड्यांवरच्या रेषा मोजून त्यांची वयं काढते. काम मनापासून आवडतं. पण तू गावभर 'लेक जहाजावर हाय' सांगत होतीस, मला लाज वाटली. त्या नऊ दिवसांतलेच फोटो मी तुला पुरवून पुरवून पाठवत राहिले.

फोनवर बोलले असते, तर तू आधी 'जेवलीस का' विचारलं असतंस आणि मी पुन्हा कच खाल्ली असती. म्हणून लिहितेय. रक्तातल्या साखरेमुळं जखम भरत नाही, बोट काढावं लागेल असं डॉक्टर म्हणतात, तरी तू ऐकत नाहीस, हे बजरंगनं रडत सांगितलं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस. पण आत्ता, पत्र खाली ठेवून, चपला घाल. तू मागितलंस ते देवीनं नवव्या दिवशीच दिलं होतं. मीच तुला कळू दिलं नाही.

तुझीच, तुझ्या पायांची गुन्हेगार,
शिवांजली