आजोबांचा फोटो मी नेलाय

आई,

चर्चमधून आलीस की आधी हे वाच, मग काय तो आरडाओरडा कर. कपाटातला आजोबांचा फोटो चोरीला गेलेला नाही. चौकटीत बसवायला मी नेलाय.

सैन्याच्या नोंदीत सापडले गं आजोबा! बोलिव्हियाशी झालेल्या चाकोच्या युद्धात ते पहिल्या वर्षापासून होते, आघाडीवर पाणी पोचवायचे, खांद्याला गोळीही लागली होती. त्या नोंदीचा शिक्क्यासकट उतारा चिपा पावांच्या टोपलीखाली ठेवलाय. आजोबांना पळपुटा म्हणणाऱ्या त्या एउलोखियाबाईला आता खुशाल घरी बोलाव आणि विचार, "माझे बाबा मळ्यात लपून कंद खात बसले होते ना? मग हे काय आहे?"

आणि इतकी वर्षं असुन्सिओनच्या दफ्तरखान्यात मी त्यांना बेनितेस आडनावाने धुंडाळत होते, तरी तू गप्प! काल रामोना मावशी बोलून गेली, की पणजीचं लग्नच झालं नव्हतं. आजोबा लढाईहून परतले तेव्हा कुठे त्यांच्या बापाने त्यांना आपलं आडनाव दिलं. आज दफ्तरखान्यात पणजीचं आडनाव सांगितलं, ओवेलार, आणि तासाभरात कागद हातात आला. अगं, अर्धं गाव आईचंच आडनाव लावतं. त्यात लपवायचं काय?

जाऊ दे. रागावले नाहीये मी, जीव भांड्यात पडलाय माझा.

परवाच्या युद्धवीरांच्या मिरवणुकीत फोटो तू धरायचा. चौकट दोन फोटोंची सांगितलीय, तुझ्या ट्रंकेतला पणजीचाही नेलाय. आजोबा तिच्या नावाने लढले. कोणी विचारलं, ही बाई कोण, तर मोठ्याने सांग.

निल्दा