८०२ मधला गुळगुळीत बास

७ एप्रिल, सोमवार
शिसारी आली. आज प्यो साहेबांकडे आमच्या श्रवण मंडळाची बैठक झाली. त्यांचा सबवूफर, तो बासचा खोका, म्हणजे पोट बिघडलेला बैल. बाकीचे चौघे डोळे मिटून माना डोलवत होते. कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या? तिथल्या तिथे जाहीर केलं, १९ तारखेची बैठक माझ्याकडे, ८०२ मध्ये. खरा बास, गाण्यातला तो खोल घुमणारा सूर, काय असतो ते ऐकवतो. प्यो साहेब म्हणाले, नक्की ना? आणि हसले.

८ एप्रिल
शास्त्रशुद्ध पद्धत अशी: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत ऐकायचं. जिथे बास सपाट, गुळगुळीत लागेल तिथे सबवूफर कायमचा. दोन तास रांगलो. बायको, मीरान, दारात उभी. काय हरवलंय म्हणाली. खोलीचा तोल, म्हणालो. तिने मला वळसा घालून व्हॅक्यूम फिरवला.
सगळ्यात छान बास किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, फ्रिजच्या जागी. फ्रिज हलणार नाही असं सांगण्यात आलं.

१० एप्रिल
मायक्रोफोन लावून मोजलं. बेचाळीस हर्ट्झला डोंगर, म्हणजे बास फुगतो; साठला खड्डा, म्हणजे बास गायब. सोफा नेमका खड्ड्यात. म्हणजे बावीस वर्षं मी खड्ड्यात बसून गाणी ऐकली! दोष बिल्डरचा.
उपाय एकच. दुसरा सबवूफर, समोरच्या भिंतीला. दोघं एकमेकांचे खड्डे बुजवतात. मीरान म्हणाली, एक सहन होत नाही म्हणून दुसरा आणायचा?
अडाणीपणाची कीव येते.

१२ एप्रिल, शनिवार
दुसरा आला. दोघांचा मेळ जमवायचं फेजचं बटण सुलट, उलट, परत सुलट. डबल बास या माणसाएवढ्या व्हायोलिनचा एकच तुकडा एकसष्ट वेळा वाजवला.
सोसायटी ऑफिसची सूचना घराघरातल्या छताच्या स्पीकरवर: घुमणारे आवाज करू नयेत, खालच्यांना त्रास होतो. बरं झालं, कोणीतरी बोललं. वर ९०२ मधली जुळी पोरं दिवसभर उड्या मारतात. पण तो छतातला स्पीकर! बास नावालाही नाही. किळसवाणा प्रकार.

१४ एप्रिल
लिफ्टमध्ये स्वहस्ते चिठ्ठी चिकटवली: घर म्हणजे मैदान नव्हे. आपला, ८०२.
संध्याकाळी तिच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, सुरुवात तुमच्यापासून करा. जुळ्यांचं अक्षर मात्र वयाच्या मानाने चांगलं आहे.

१६ एप्रिल
सोफा रोज वीतभर सरकवतोय. आता स्वयंपाकघराच्या दारात आलाय. मीरान त्यावरून चढून भात आणते. खड्डा माझ्यामागून येतोच आहे.
वॉचमन सांगून गेला, तक्रार खालच्या ७०२ मधल्या ग्वाक आजींची आहे आणि ती माझ्याबद्दल आहे. वय एक्क्याऐंशी! त्यांना काय ऐकू येणार, कपाळ? मीरान म्हणाली, नाशपतीची पेटी घे, खाली जा, माफी माग. नाहीतर शनिवारी तुझ्या पाहुण्यांना पाणीसुद्धा मिळणार नाही.

१७ एप्रिल, संध्याकाळी ५
गेलो. माफी मागायला नाही, खाली काहीही ऐकू येत नाही हे सिद्ध करायला. मीरानला बजावून ठेवलं होतं, बरोबर चारला तोच तुकडा लाव, नेहमीच्याच आवाजात.
आजींनी सोफ्यावर बसवलं. चार वाजले.
आणि बास आला. डोंगर नाही, खड्डा नाही. एकेक सूर लोण्यासारखा. जो मी दहा दिवस रांगून शोधला तो इथे, ज्यांना तो नकोय त्यांच्या घरात. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.
आजींना वाटलं पश्चात्ताप. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, असू दे बाबा, रडू नकोस, चूक कळली ना, झालं तर. मी नाही म्हणणार तेवढ्यात त्यांनी तोंडात नाशपतीची फोड घातली.

१८ एप्रिल, शुक्रवार
लिफ्टमध्ये सगळे माझ्याकडे मायेने बघतात. वीट आला. ग्वाक आजी सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत, ८०२ वाले ढसाढसा रडले, आता दोन्ही खोकी काढून टाकणार. जुळ्यांच्या आईने मला वाकून नमस्कार केला. मीरान म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुझा अभिमान वाटला. का रडलो ते तिला सांगितलं नाही.
आता माघार कशी घेणार? मंडळाला कळवलं, उद्याची बैठक रद्द, सबवूफर विकतोय. पाच मिनिटांत प्यो साहेबांचा फोन, दोन्ही मीच घेतो. दुपारी आलेसुद्धा. त्यांची कंबर धरली आहे म्हणे. लिफ्टपर्यंत मीच उचलून दिले.