सोन्यावरच्या खाचा आणि तुझं कुलूप

आई, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ओट्यावर लॅपटॉप ठेवलाय. तू असतीस तर आधी त्याखाली फडकं घातलं असतंस. आज संध्याकाळपर्यंत एक आराखडा प्रयोगशाळेला पाठवायचाय. काम कसं सांगू तुला? सोन्याच्या अगदी बारीक पट्टीला चिकटून प्रकाश धावतो. त्याच्या वाटेत ठरावीक अंतरावर खाचा कोरायच्या. प्रत्येक खाचेवरून थोडा थोडा प्रकाश मागे येतो, आणि अंतर बरोबर जुळलं तर नेमका एक रंग परत फिरतो, बाकीचे पुढे जातात. पण सोनंच प्रकाश खातं. खाचा कमी पडल्या तर तो रंग नीट परतत नाही. जास्त घातल्या तर पट्टी लांबते आणि पुढे जायचे ते रंगही वाटेतच संपतात. पट्टी एकदाच कोरली जाणार. चुकली तर पुढची पाळी वर्षभराने, आणि माझी पीएचडीची मुदत त्याआधीच संपते.

भीतीपोटी मी खाचा वाढवत जाते. सर फोनवर वैतागले, "अजून किती घालणार? प्रकाश पोचायला नको का?" मग कमी करते, अंतर पुन्हा तपासते, परत तपासते. हे तुझंच आलंय माझ्यात. आठवतं? मी लहान, तुकईथडला मावशीकडे हळदीला निघालोय आपण दोघी; घरात तिसरं होतं तरी कोण. गावाच्या वेशीवर, शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी तू थबकतेस. "ताला लावला ना मी?" कुलूप लावलं होतंस, ओढूनही पाहिलं होतंस. तरी मागे फिरतेस, आणि मी पिशव्या सांभाळत उभी. स्टँडवर पानवाला म्हणाला, "बस तो निकल गई, बाई." मी भोकाड पसरलं, तू मावा जिलेबी घेऊन दिलीस. पुढच्या बसने पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती. मी सगळ्यांसमोर तुझी कुलूप ओढायची नक्कल केली. सगळे हसले, तूही हसलीस. रात्री अंथरूण घालताना मात्र म्हणालीस, "हसून घे बेटा. पण मी पाहून आली म्हणून तू बसमधे आरामात झोपली ना?" झोपले होते खरी, तुझ्या मांडीवर, तोंडाला पाक तसाच.

मध्ये लिहिणं थांबवलं होतं. खाचा कमी केल्या आणि आराखडा पाठवून दिला. प्रयोगशाळेचं उत्तरही आलं, मिळाला म्हणून. आता माझ्या हातात काही नाही, तरी पाठवलेली फाईल पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. जीव रमावा म्हणून बाहेर पडले, तर शनवाऱ्यापासून परत फिरले. कुलूप नीट लागलेलं होतं. मला फार भीती वाटतेय, आई. मावशीचा फोन आला होता, झोप लागते का विचारत होती. मी हो म्हटलं. तुला खोटं सांगून काय करू? नाही लागत. माझ्यासाठी मागे फिरून पाहून येणारं आता कुणी नाही.